परसदारातलं दुसरं घर: कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

सकाळी टेप घेऊन मागचं अंगण मोजलं. मी टेपचं टोक धरलं, नवऱ्याने आकडे लिहिले. प्लॉट ६० फूट रुंद, १०५ फूट खोल. घराच्या मागच्या भिंतीपासून मागच्या कुंपणापर्यंत ३६ फूट. पश्चिमेच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने उभी केलेली शेड, १० फूट बाय १४ फूट, कुंपणापासून जेमतेम २ फुटांवर. पूर्वेकडे जर्दाळूचं जुनं झाड. आमचं घर १९५८ चं. त्याआधी कॅलिफोर्नियातली ही सगळी सांता क्लारा व्हॅली जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांनी भरलेली होती. घरं आली तशा बागा गेल्या. हे झाड तोडायचं नाही, एवढं पहिल्याच दिवशी लिहून ठेवते.

काम कशासाठी: आई आणि अण्णा साताऱ्याहून कायमचे इकडे येणार आहेत. घरात आम्ही चौघं, खोल्या तीन. अण्णांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "तुमच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखा येऊन राहणार नाही. आमचं दार वेगळं पाहिजे आणि तुझ्या आईचा गॅस वेगळा पाहिजे." अण्णांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून झाली. नकाशा बघितल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नाहीत. मोजमापांच्या कागदाचा फोटो काढून त्यांना पाठवला.

पहिला विचार असा की शेडच दुरुस्त करून राहण्याजोगी करायची.

१३ जानेवारी

शेड रिकामी केली. पाया नाही, मातीवर आडव्या टाकलेल्या लाकडांवर फळ्या ठोकल्या आहेत. वीज आहे, पण ती घराबाहेरच्या सॉकेटवरून, जमिनीत वीतभर खोल पुरलेल्या साध्या एक्स्टेन्शन वायरने आणलेली. वायर उकरून काढली तर आवरण जागोजागी तडकलेलं. माझी मुलं या शेडमध्ये सायकली ठेवतात. लगेच ते सर्किट बंद केलं.

शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की घराचे जुने परवाने दिसतात. मूळ घराचा आहे, छत बदलल्याचा आहे. शेडचा नाही.

कॅलिफोर्नियाच्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे एकमजली, सुटी उभी असलेली, अवजारं किंवा सामान ठेवण्याची शेड १२० चौरस फुटांपर्यंत असेल तर बांधकाम परवाना लागत नाही. आमची १४० आहे. शिवाय शेड कितीही लहान असली तरी तिला वीज जोडायची तर त्या कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो. म्हणजे ही शेड दोन्हीकडून नियमाबाहेर.

३ फेब्रुवारी

तीन आठवडे रोज रात्री मुलं झोपली की नियम वाचत बसले. सुरुवातीला काहीच जुळेना, कारण "मागच्या अंगणात काय काय बांधता येतं" हा प्रश्न घेऊन मी वाचत होते. नियम तसे लिहिलेलेच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न वेगळा आहे: या बांधकामात काय चालणार?

चार भिंती आणि छप्पर तेच. त्यात फावडी-कुदळी ठेवल्या तर ती शेड; लहान असेल तर परवान्याची भानगड नाही, पण तिथे झोपायचं नाही. त्यात गाडी लावली, सुतारकाम केलं, तर ते दुय्यम बांधकाम. परवाना हवा आणि उंची, कुंपणापासूनचं अंतर, मागच्या अंगणाचा किती भाग व्यापला, हे सगळं ज्या त्या शहराच्या झोनिंगने, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याच्या नियमांनी ठरतं. आणि त्याच चार भिंतींत ओटा, संडास-बाथरूम आणि झोपायची जागा केली, की ते घर होतं. त्याला इथे एडीयू म्हणतात, म्हणजे मुख्य घराच्याच हद्दीतलं दुय्यम राहतं घर.

मला वाटलं होतं की राहण्याचं बांधकाम म्हटल्यावर नियम जास्त कडक असतील. अग्निसुरक्षा, मजबुती, सांडपाणी यांच्या बाबतीत ते तसे आहेतच. पण जागेच्या बाबतीत उलट आहे. एकाच कुटुंबाचं घर असलेल्या प्लॉटवर सुटं नवं दुय्यम घर बांधायचं असेल, ते ८०० चौरस फुटांपर्यंत आणि १६ फूट उंचीपर्यंत असेल आणि बाजूच्या व मागच्या हद्दीपासून ४ फूट अंतर सोडलं असेल, तर शहराला नाही म्हणता येत नाही. प्लॉट लहान आहे, आधीच बरंच बांधकाम झालंय, अंगण कमी उरतं, यातलं कुठलंच कारण चालत नाही. चालत जाण्याच्या अर्ध्या मैलात बस किंवा रेल्वे असेल तर गाडीसाठी वेगळी जागा मागता येत नाही. मालकाने तिथेच राहिलं पाहिजे अशी अटही घालता येत नाही.

हे सहज झालेलं नाही. दुसऱ्या घराचा कायदा या राज्यात १९८२ पासून आहे, पण शहरांच्या हातात अडवण्याची साधनं भरपूर होती: सुनावणी घ्या, शेजाऱ्यांच्या हरकती मागवा, मोठ्या प्लॉटची अट घाला. २००२ च्या कायद्याने सुनावणी काढली. खरा फरक पडला तो १ जानेवारी २०१७ आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी. दहा वर्षांपूर्वी अण्णा यायचे म्हणाले असते तर ही वही मी उघडलीच नसती.

शेडचं काय? कायदेशीर उभ्या असलेल्या दुय्यम बांधकामाचं आहे त्याच जागी घर करता येतं, तेव्हा ४ फुटांचीही अट नाही, हे खरं. त्याच आशेने मी शेडकडे बघत होते. पण ज्याला पाया नाही आणि परवाना नाही, त्याचं रूपांतर म्हणजे सगळं नव्यानेच बांधणं. शेड पाडायची, हे ठरलं.

११ फेब्रुवारी

अण्णांशी तासभर फोन. कुंपणापासून सोडायच्या अंतराला इथे सेटबॅक म्हणतात असं सांगितल्यावर म्हणाले, "अगं, सामासिक अंतर म्हण की. आयुष्यभर तेच तपासलंय." इतका नेमका शब्द असताना मी महिनाभर इंग्रजीत अडखळत होते.

त्यांनी तिकडचं सांगितलं. मुंबई आणि काही थोडी क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, त्याआधी ठिकठिकाणी वेगवेगळे नियम होते. सामासिक अंतरात पंपाची खोली, मीटरची खोली, पहारेकऱ्याची चौकी अशा गोष्टींना मुभा असते. राहत्या खोलीला नाही. "तिथे चौकीला जागा आणि माणसाला नाही. तुमच्याकडे माणसाला जास्त जागा. हे मला पटलं," असं म्हणून त्यांनी लगेच विचारलं, "पण ४ फूट कुठून मोजतात? भिंतीपासून की पागोळीपासून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शोधून उद्या सांगते म्हटलं.

१२ फेब्रुवारी

अंतर भिंतीपासून मोजतात. पण वळचणीचा हिशेब वेगळा आहे आणि तो झोनिंगमध्ये नाही, अग्निसुरक्षेच्या तक्त्यात आहे. हद्दीपासून ५ फुटांच्या आत भिंत आली तर ती दोन्ही बाजूंनी एक तास आग सोसणारी हवी. त्या भिंतीत खिडक्या-दारं भिंतीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपर्यंतच; ३ फुटांच्या आत तर एकही नाही. छपराचा बाहेर आलेला भाग हद्दीच्या २ फुटांपर्यंत आणता येतो, त्यापुढे नाही, आणि ५ फुटांच्या आत असेल तर तोही खालून आगरोधक करायचा.

म्हणजे झोनिंग ४ फुटांना हो म्हणतं आणि बांधकाम संहिता त्याच ४ फुटांची वेगळी किंमत लावते. दोन वेगळी पुस्तकं आहेत. एकात परवानगी मिळाली म्हणून दुसरं मिटत नाही.

२६ मार्च

कालपासून राज्याच्या कायद्यात एडीयूच्या कलमांना नवे क्रमांक मिळाले. जुनं लांबलचक ६५८५२.२ गेलं, आता ६६३१० ते ६६३४२. मजकूर तोच. माझ्या टिपणातले क्रमांक बदलायला संध्याकाळ गेली. जुन्या लेखांत जुने क्रमांक दिसतील, गोंधळून जायचं नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली. मग घर घेतानाची फाइल काढली, कारण डिझायनरने मालमत्तेचा मूळ नोंदणीकृत नकाशा मागितला होता. त्या नकाशात मागच्या हद्दीला लागून एक तुटक रेषा आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलंय: सार्वजनिक सेवांसाठी ५ फूट ईझमेंट. जमीन आपली, पण विजेच्या, टेलिफोनच्या, सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी त्या पट्ट्यावर दुसऱ्यांचा हक्क. मागच्या कुंपणालगत विजेचे खांब रोज बघतो आणि ते कुणाच्या जागेत उभे आहेत हा विचार कधी मनात आला नाही.

राज्याचा ४ फुटांचा नियम इथे उपयोगाचा नाही. तो शहराच्या झोनिंगवर चालतो. नोंदवलेल्या हक्कावर चालत नाही. त्या पट्ट्यात पाया घालायचा नाही आणि त्याच्यावर छप्परही आणायचं नाही. भिंत ५ फुटांवर घेतली तर फूटभर वळचण पट्ट्यावर येते. म्हणून भिंत ६ फुटांवर.

अण्णांना सांगितलं. त्यांनी गावाकडची गोष्ट काढली. आमच्या आजोबांच्या घराची मागची पागोळी शेजारच्या खळ्यात पडायची. आजोबांनी छपराची कड कापून आत घेतली तेव्हा कुठे दोन घरांतलं बोलणं सुरू झालं. "पागोळीचं पाणी आपल्याच जमिनीत पडलं पाहिजे. तुमच्या पुस्तकात तेच लिहिलंय, फक्त इंग्रजीत."

मागे सरकल्याचा एक फायदाही झाला. ती भिंत आता ५ फुटांच्या बाहेर असल्यामुळे आगरोधक करावी लागत नाही आणि तिच्यात हव्या तेवढ्या खिडक्या घेता येतात. आईची झोपायची खोली तिकडेच घ्यायची. तिला सकाळी उजेड लागतो.

२० एप्रिल

सर्वेअर येऊन गेला. पश्चिमेचं कुंपण हद्दीवर नाही. ते ५ इंच शेजारच्या आजींच्या जागेत आहे. म्हणजे आमची खरी हद्द कुंपणाच्या ५ इंच अलीकडे, आणि ४ फूट तिथून मोजायचे. कुंपणापासून मोजलं असतं तर भिंत ५ इंच चुकली असती आणि पाया ओतल्यानंतर कळलं असतं.

अण्णांना यात नवल वाटलं नाही. "बांध म्हणजे हद्द नव्हे. मोजणी करून खुणा घातल्याशिवाय मी कधी चुना टाकू दिला नाही."

सर्वेअरचे पैसे द्यायला मी दोन महिने कां-कूं करत होते. ज्यांना ४ फुटांवर बांधायचंय त्यांनी हा खर्च वाचवू नये.

१८ मे

नकाशा ठरला. १६ फूट बाय ३१ फूट, ४९६ चौरस फूट. एक झोपायची खोली, एक बाथरूम, ओटा आणि बसायची जागा एकत्र.

४९६ का, हे लिहून ठेवते, कारण सगळे विचारतात की ८०० मिळत असताना कमी का घेतलं. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान दुय्यम घरावर शहराला विकास शुल्क लावता येत नाही. ५०० च्या खाली शाळांसाठीचं शुल्कही लागत नाही. सौर पॅनेल नव्या सुट्या घराला लागतात, पण हिशेबाने येणारी क्षमता १.८ किलोवॉटच्या खाली असेल तर सक्ती नाही, आणि आमची दीडच्या आसपास येते. आगीच्या वेळी छतातून पाणी फवारणारी यंत्रणा मुख्य घराला लागत नसेल तर दुय्यम घरालाही लागत नाही. १९५८ च्या घराला ती नाही. आणि शेवटचं कारण जर्दाळूचं झाड. ३१ फुटांपुढे गेलो असतो तर पाया त्याच्या मुळांत गेला असता.

दाराशी पायरी नको, आईचे गुडघे. सगळी दारं ३ फूट रुंद. झोपायच्या खोलीतल्या खिडकीतून संकटात माणूस बाहेर पडू शकला पाहिजे: खोलीच्या जमिनीपासून खिडकीची खालची कड ४४ इंचांपेक्षा वर नको, उघडल्यावर किमान २० इंच रुंदी आणि २४ इंच उंची मोकळी हवी. आईला त्या खिडकीत बसता येईल अशी खालीच घेतली.

२ जून

शेजारच्या आजींना नकाशा दाखवायला गेले. कायद्याने याची गरज नाही. या अर्जावर सुनावणी होत नाही, शेजाऱ्यांना कळवलं जात नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. नियमात बसतं की नाही एवढंच बघतात. म्हणूनच तर आमचं काम होणार आहे, आणि मला हा नियम मनापासून योग्य वाटतो. सुनावण्यांच्या काळात कितीतरी लोकांचे आई-वडील केवळ शेजाऱ्याच्या हरकतीमुळे लांब राहिले असतील. पण हरकत घेता येत नाही म्हणून सांगायचंच नाही, हे आमच्या घरात बसत नाही.

त्या इथे पन्नास वर्षं राहतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. त्यांनी नकाशा बराच वेळ बघितला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बोट ठेवलं. ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या समोर येते. ३ बाय ४ ची खिडकी काढून ५ फूट लांब, दीड फूट उंच अशी छपराजवळची आडवी खिडकी करू, उजेड येईल आणि नजर जाणार नाही, असं तिथल्या तिथे ठरलं. पश्चिमेची भिंत १४४ चौरस फुटांची, म्हणजे २५ टक्क्यांप्रमाणे ३६ फुटांची मुभा आहे. आम्ही साडेसात वापरतोय. जाताना त्यांनी कुंपणावरून घरचे लिंबू दिले.

१० जून

अर्ज ऑनलाइन भरला. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. दिला नाही तर मंजूर समजला जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ९ ऑगस्टला गोल केला.

१८ जुलै

तपासणीचे शेरे आले. एकूण सात, त्यातले चार किरकोळ. मोठे तीन.

एक, पश्चिमेच्या भिंतीचा छेद तपशिलात दाखवा. डिझायनरने आत-बाहेर पाच अष्टमांश इंचाच्या टाइप एक्स, म्हणजे आगरोधक जिप्समचे थर आणि वळचणीखालीही तेच दाखवलं.

दोन, अग्निशमन. रस्त्यावर उभ्या बंबापासून घराच्या बाहेरच्या भिंतीच्या प्रत्येक भागापर्यंत, माणूस जसा चालत जाईल तशा वाटेने, १५० फुटांत पोचता आलं पाहिजे. सरळ रेषेत मोजायचं नाही. मी आणि मुलीने पाण्याची नळी घेऊन अंगणात प्रत्यक्ष मोजलं: रस्त्यापासून पश्चिमेच्या बोळातून मागच्या कोपऱ्यापर्यंत १०९, तिथून मागच्या भिंतीलगत पूर्व टोकापर्यंत ३१. एकूण १४०. बोळात ठेवलेले कचऱ्याचे डबे पुढे हलवले. ती वाट आता कायम मोकळी ठेवायची.

तीन, जुन्या शेडबद्दल. मला याची धास्ती होती. पण २०२३ पासून नियम असा की प्लॉटवर आधीचं विनापरवाना बांधकाम आहे एवढ्या कारणाने दुय्यम घराचा अर्ज नाकारता येत नाही, जोवर ते धोकादायक नाही आणि नव्या कामाच्या आड येत नाही. आमची शेड नव्या घराच्याच जागेवर आहे, त्यामुळे ती पाडणार असं नकाशात लिहायचं आणि तिच्या विजेची जोडणी काढल्याचं दाखवायचं. एवढंच.

६ ऑगस्ट

मंजुरी. ५७ वा दिवस. अण्णांनी शिक्क्याचा फोटो मागवला आणि सोसायटीतल्या मित्रांना दाखवला.

१४ सप्टेंबर

गणपतीचं विसर्जन झाल्यावरच शेडला हात लावायचा असं आईने बजावलं होतं. आज पाडली. एका दुपारीत संपली. खालून मुंग्यांचं वारूळ आणि १९६० च्या दशकातली काचेची दुधाची बाटली निघाली. बाटली धुऊन ठेवली आहे.

३ ऑक्टोबर

पायाचे चर खणून सळई बांधली, इन्स्पेक्टर बघून गेला. या खोऱ्याची माती चिकट काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अण्णा फोटो बघून म्हणाले, "ही तर आपली काळी." त्यामुळे पाया नेहमीपेक्षा खोल आणि सळई जास्त.

सांडपाण्याच्या नळाला फुटाला पाव इंच उतार लागतो. मुख्य घराच्या वाहिनीपर्यंत ४५ फूट, म्हणजे सव्वाअकरा इंच खाली जायचं. हा चर जर्दाळूच्या जवळून जातो. तेवढा भाग यंत्राने नाही, कुदळीने खणून घेतला. जाड मुळं तशीच ठेवून नळ त्यांच्या खालून सरकवला.

११ ऑक्टोबर

काँक्रीट ओतलं. उद्या दसरा. जोतं झालं की आई तिकडे देवापुढे साखर ठेवणार होती, तिने ठेवली.

२१ नोव्हेंबर

सांगाडा उभा आहे आणि पाऊस सुरू झालाय. आजची तपासणी पुढे गेली नाही. भूकंपाच्या धक्क्याला भिंत टिकावी म्हणून बाहेरून प्लायवुडचे तक्ते ठराविक अंतरावर खिळे मारून लावतात. खिळ्यांचं अंतर बरोबर होतं, पण हवेच्या दाबावरच्या बंदुकीने ते इतके खोल गेले होते की डोकं प्लायवुडच्या आत रुतलं होतं. रुतलेल्या खिळ्याची पकड कमी होते. दोन भिंती पुन्हा खिळवायच्या. कंत्राटदार कुरकुरला. मला इन्स्पेक्टरचं पटलं. या भिंतींच्या आत आई-अण्णा झोपणार आहेत आणि सॅन अँड्रियासची भूकंपाची भेग इथून लांब नाही.

१२ डिसेंबर

खिळे पास. विजेच्या, नळांच्या, उष्णतारोधकाच्या तपासण्या एकापाठोपाठ एक झाल्या. मुख्य घराचं जुनं १०० अँपिअरचं पॅनेल बदलून २०० चं केलं, कारण नवीन घरात स्वयंपाक, पाणी, हीटर सगळं विजेवर. आईला इंडक्शनवर भाकरी नीट फुगत नाही. तिच्यासाठी बाहेर ओट्यावर छोटी शेगडी ठेवायची.

३ जानेवारी २०२५

परवापासून दोन नवे नियम लागू झालेत, ओळखीच्यांना सांगण्यासाठी नोंद. २०२० च्या आधी परवान्याविना बांधलेलं दुय्यम घर नियमित करायला आलं तर केवळ आजच्या संहितेत बसत नाही म्हणून शहराला नाकारता येणार नाही. राहण्याला धोकादायक असेल तेवढंच दुरुस्त करून घेता येईल. सनीव्हेलच्या एका मराठी कुटुंबाच्या गॅरेजमधल्या खोलीचा प्रश्न यातून सुटेल असं वाटतं, त्यांना आजच फोन केला. दुसरा: प्रत्येक शहराला आधीच मंजूर केलेले नकाशे ठेवावे लागतील, आणि त्यातला घेतला तर निर्णय ३० दिवसांत.

२५ जानेवारी

सायकली आणि बागेची अवजारं वर्षभर घरात पसरली आहेत. नवी शेड आणली: १० बाय १२, बरोबर १२० चौरस फूट, वीज नाही. आज दोघांनी मिळून मागच्या पूर्व कोपऱ्यात कुंपणापासून ३ फुटांवर तिची चौकट मांडली.

रात्री अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा एका ओळीचा निरोप आला: "विजेच्या खांबाचा पट्टा ५ फुटांचा ना?"

वर्षभर हेच वाचतेय, हेच लोकांना सांगतेय, आणि तरी चुकले. परवाना लागत नाही एवढं डोक्यात राहिलं. संहिता या शेडला आगरोधक भिंतीतूनही सूट देते. फक्त छपराची कड हद्दीपलीकडे जाऊ नये एवढं म्हणते. पण ईझमेंट शेडलाही लागू, शहराचं झोनिंग शेडलाही लागू. परवाना हा एक कागद आहे. तो नको असला तरी जागेचे नियम तसेच उभे असतात.

२० फेब्रुवारी

अंतिम तपासणीला इन्स्पेक्टर आला. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे गजर वाजवून बघितले, खिडकी उघडून टेप लावली, पश्चिमेच्या बोळात चालून आला, सही केली. नव्या घराला स्वतःचा पत्ता क्रमांक मिळालाय. दारावर लावायची पाटी अण्णांनी साताऱ्यातच करून घेतली आहे, देवनागरीत.

संध्याकाळी पाऊस आला. फोन हातात धरून मागच्या बाजूला गेले आणि अण्णांना पागोळी दाखवली. पन्हाळीतून उतरून पाणी आमच्याच वाफ्यात पडत होतं. ते काही बोलले नाहीत, फोन आईकडे दिला. आईने विचारलं, झाडाला फुलं आली का. कळ्या आहेत, अजून फुललेल्या नाहीत.

राहिलेलं काम: शनिवारी शेडची चौकट ३ फूट आत ओढायची. पडदे. तिकिटं २६ मार्चची.